खोताच्या वहीपासून सातबाऱ्याच्या संगणकापर्यंत : विजयदुर्गच्या तटाबाहेरचा इतिहास

विजयदुर्ग म्हटले की तिहेरी तटबंदी आठवते, आंग्र्यांचे आरमार आठवते, १७५६ च्या फेब्रुवारीत वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी तुळाजीचा काफिला जाळला तो प्रसंग आठवतो, आणि १८६८ च्या ग्रहणाबरोबर जोडली गेलेली हेलियमची कथाही आठवते. या सर्वांवर पुष्कळ लिहून झाले आहे. हा थ्रेड तटाच्या बाहेरच्या, बंदुकीच्या आवाजाविना झालेल्या एका दीर्घ लढाईचा आहे. दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याचा हिशेब कोणी ठेवायचा, कोणत्या पद्धतीने ठेवायचा आणि त्या हिशेबात कसणाऱ्याला स्वतःचा रकाना द्यायचा की नाही, हा त्या लढाईचा विषय.

आज भाड्याच्या मालमत्तेचा कारभार म्हटला की एखादे सॉफ्टवेअर डोळ्यांसमोर येते : भाडेकरूचे नाव, मुदत, रक्कम, थकबाकी. असे साधन निवडताना सगळे सोय पाहतात. मात्र ती सोय कोणाची, हे क्वचितच विचारले जाते. जुन्या रत्नागिरी जिल्ह्याने हा प्रश्न शतकभर सोसला. विजयदुर्ग १ मे १९८१ पर्यंत त्याच जिल्ह्यात होते; सिंधुदुर्ग जिल्हा त्या दिवशी वेगळा झाला. आजही वाघोटनच्या खाडीच्या उत्तरेला रत्नागिरीचा राजापूर तालुका आणि दक्षिणेला सिंधुदुर्गचा देवगड तालुका अशी सीमा आहे. इतिहास मात्र दोन्ही तीरांचा एकच.

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि किल्ला कंपनीच्या ताब्यात आला. त्याबरोबर आसपासचा मुलूख आणि त्याचा वसूलही आला. देशावर महसुलाची घडी परिचयाची होती : गावाला पाटील, त्याच्या जोडीला लेखणी धरणारा कुळकर्णी. रत्नागिरीतील कित्येक गावांत ही जोडी नव्हती. तेथे खोत होता. सरकारला गावाची ठरलेली रक्कम भरण्याची हमी तो कबुलायतीने देई आणि गावातील कुळांकडून आपल्या रीतीने वसूल करी. वसूल करणारा तोच, हिशेब लिहिणारा तोच, आणि वाद झाला तर वही उघडून दाखवणाराही तोच.

सगळीच गावे सारखी नव्हती. काही निव्वळ खोती होती. काही धारेकऱ्यांची होती. धारेकरी म्हणजे ठरलेला धारा भरला की ज्याच्याकडून खोताला जास्त काही मागता येत नसे असा जमीनधारक. आणि जेथे दोन्ही प्रकार एकत्र नांदत त्यांना सरकारी कागदांतही ‘खिचडी’ गावे म्हणत. दक्षिणेकडे मालवणच्या बाजूला निव्वळ खोती विरळ होत जाते. म्हणून ‘कोकण म्हणजे खोती’ हे सरसकट विधान टाळलेले बरे.

साध्या कुळाचा खंड पिकाच्या हिश्शाने ठरे. भातजमिनीचा अर्धा हिस्सा खोताचा, त्याला अर्धेल म्हणत. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीचा तिसरा हिस्सा, ती तिर्धेल. उदाहरणादाखल, शेतात दहा मण भात झाले तर पाच मण खोताकडे जाई. खोताने सरकारला द्यायची रक्कम त्या वर्षापुरती ठरलेली असे, आणि वसूल व भरणा यांतील अंतर हा त्याचा नफा. पण ‘दहा मण’ हा आकडा यायचा कोठून? कापणीपूर्वी उभ्या पिकाचा अंदाज केला जाई. त्याला अभावणी असा शब्द आहे. अंदाज चढा धरला की कुळाच्या वाट्याचा अर्धा प्रत्यक्षात अर्ध्याहून कमी होई. खंडाव्यतिरिक्त वेठही होती.

खोत हा प्रत्येक वेळी धनाढ्य सावकार असे, असे समजू नये. वतन पिढ्यान्‌पिढ्या वाटले जाऊन एकेका गावाचे अनेक हिस्सेदार होत आणि कारभार पाळीपाळीने एकाकडून दुसऱ्याकडे जाई. ज्याची पाळी तो वहिवाटदार खोत. पण हीच गोष्ट कुळाच्या दृष्टीने अधिक अडचणीची होती, कारण पाळी बदलली की वहीही बदले.

शेतकऱ्याशी थेट हिशेब ठेवण्याची कल्पना कंपनीच्या पदरी नव्हती असे नाही. गोल्डस्मिड याने १८३६ मध्ये इंदापूरला नवी पाहणी सुरू केली होती. पुढे विंगेटबरोबर तिचे नियम बांधले गेले आणि १८४७ च्या संयुक्त अहवालात ते पक्के झाले. तेहतीस फुटांची साखळी, साखळीच्या चौरसाचा एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर, जमिनीच्या कसाची आण्यांत प्रतवारी, आणि प्रत्येक शेताला क्रमांक. दख्खनच्या सपाट, काळ्या जमिनीसाठी ही पद्धत उत्तम होती.

कोकणात तिला दोन अडथळे आले. पहिला जमिनीचा. डोंगराच्या उतारावर नाचणी आणि वरी काही वर्षे घ्यायची, मग ती जागा पडीक ठेवून दुसरीकडे जायचे, ही तेथली रीत. जो तुकडा यंदा एकाचा आणि चार वर्षांनी कोणाचाच नाही, त्याच्यापुढे कायमचे नाव कसे लिहायचे? दुसरा अडथळा खोताचा. प्रत्येक कुळाची जमीन आणि देणे सरकारी दप्तरात नोंदले गेले, तर त्याच्या वहीची किंमत काय उरणार?

विंगेटने १८५१ मध्ये खोती गावांच्या पाहणीविषयी आपला अहवाल दिला. १८६५ च्या मुंबईच्या पाहणी कायद्याने खोती गावांतही मोजणी करण्याचा आणि कुळाच्या देण्याला मर्यादा घालण्याचा मार्ग खुला झाला. मोजणी सुरू झाली आणि खोतांचा विरोधही. कित्येकांनी कबुलायती देण्याचे नाकारले व गावे जप्तीत गेली. प्रकरण चिघळले, पुन्हा चौकशी झाली आणि १८८० चा खोती सेटलमेंट कायदा आला.

हा कायदा म्हणजे एक तडजोड होती. खोत मधला माणूस म्हणून राहिला, मात्र कुळांचे वर्ग पाडले गेले. धारेकरी वेगळा, दुपटकऱ्यासारखे ठरावीक पटीने देणारे वेगळे, आणि त्यांच्यानंतर कायम कूळ. कायम कूळ कोण? ज्याने किंवा ज्याच्या पूर्वजांनी १८४५-४६ च्या महसुली वर्षापासून ती जमीन अखंड कसली आहे तो. त्याचा हक्क वारसांना मिळे, पण खोताच्या संमतीवाचून एरवी दुसऱ्याला देता येत नसे. ज्याला हे सिद्ध करता आले नाही तो साधा कूळ.

येथे क्षणभर थांबावे लागते. १८८० मध्ये निरक्षर कुणब्याने पस्तीस वर्षांमागची वहिवाट कशी दाखवायची? साक्षीदार म्हातारे झालेले किंवा मेलेले. पावती क्वचित. सलग लेखी पुरावा असलाच तर तो खोताच्या वहीत. कायदा लिहिणाऱ्यांना यात वावगे वाटले नसावे. तारीख ठरवणे हे प्रशासनाचे नेहमीचे काम. पण ज्या दिवशी हक्काची कसोटी ‘जुना कागद’ ही ठरली, त्या दिवशी कागद बाळगणाऱ्याचे पारडे आपोआप जड झाले.

तरीही या कायद्याने एक नवी वस्तू निर्माण केली. पाहणी अधिकाऱ्याने गावोगाव नोंदपत्रक करायचे, त्यात कोणती जमीन कोणत्या हक्काने कोणाकडे आहे आणि तो काय देणे लागतो हे लिहायचे. या नोंदींना मोठे बळ होते. विहित मार्गाने दुरुस्त झाल्या नाहीत तर त्या निर्णायक मानल्या जात. या कामातून तयार झालेले ‘बोटखत’ हे दप्तर खोती गावांच्या खटल्यांत पुढे अनेक दशके वारंवार पुढे येत राहिले. खोताच्या घराबाहेरच्या कागदावर कुळाचे नाव आता आले होते. ज्याचे आले त्याचे नशीब उघडले. ज्याचे सुटले त्याच्या नातवालाही ते सुटलेपण भोवले.

या वादात खोतांची बाजू मांडणारे लोक सामान्य नव्हते. रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक हे हिंदू कायद्याचे मोठे पंडित, मुंबईच्या कायदेमंडळाचे सभासद आणि स्वतः मुरुडच्या खोत घराण्यातले. १८९९ च्या सुमारास खोती कायद्यात बदल सुचवणारे बिल आले, तेव्हा लोकमान्य टिळकांनी केसरीतून त्याला कडाडून विरोध केला. चिखलगावच्या खोतीत टिळक घराण्याचा वाटा होता. त्यांचा मुद्दा असा की खोताचा हक्क वतनाचा आहे आणि परक्या सरकारला तो परस्पर कमी करता येणार नाही. साम्राज्याविरुद्धचा युक्तिवाद म्हणून त्यात दम होता. पण त्या युक्तिवादात कूळ कोठे उभे आहे, हे शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही. टिळकांचा आदर कमी न करताही हे म्हणता येते, आणि म्हणायला हवे.

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई सरकारने संपूर्ण इलाख्यासाठी एकच पद्धत निवडली. १९०३ मध्ये हक्कनोंदणीचा कायदा झाला. १९१३ मध्ये तो जमीन महसूल संहितेत सामावला गेला. गावाच्या हिशेबाचे क्रमांकवार नमुने ठरले. त्यांपैकी नमुना ६ म्हणजे फेरफार, ८-अ म्हणजे खातेदाराच्या सर्व जमिनींची नोंद, ७ म्हणजे हक्क, १२ म्हणजे पीक. सातवा आणि बारावा नमुना एका पानावर आला आणि मराठीला ‘सातबारा’ हा शब्द मिळाला.

या पानाची रचना नीट पाहण्यासारखी आहे. डावीकडे भोगवटादाराचे नाव, क्षेत्र, आकार. उजवीकडे कुळाचे नाव, खंड व इतर अधिकार. खाली पिके. कुळाला अखेर सर्वसाधारण दप्तरात जागा मिळाली, पण उजव्या हाताला, ‘इतरां’च्या रांगेत.

आणखी एक फरक ध्यानात ठेवावा. १८८० च्या नोंदी निर्णायक होत्या. सातबाऱ्याची नोंद केवळ गृहीत सत्य आहे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानायची. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ मध्येही हेच तत्त्व आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियात १८५८ मध्ये रॉबर्ट टोरेन्स याने याच्या उलट वाट धरली : नोंद हाच हक्क, आणि चूक झाली तर भरपाईची जबाबदारी शासनाची. भारतात या पद्धतीची चर्चा अधूनमधून होते. कोकणच्या कुळाच्या बाजूने पाहिले तर मात्र गृहीत सत्याची ही ढिलाई अगदीच वाईट नव्हती, कारण चुकीच्या नोंदीला आव्हान देण्याचे दार तिने उघडे ठेवले.

दप्तर बदलले तरी वाटा बदलला नव्हता. तो बदलण्यासाठी रस्त्यावर यावे लागले. १९३३ मध्ये कुलाबा जिल्ह्यात, अलिबागजवळच्या चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी जमिनी कसण्याचेच नाकारले. हा संप सुमारे सहा वर्षे चालला. खोत वही लिहू शकतो, पण शेतात भातच नसेल तर अभावणी कशाची करणार? १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. त्यात खोताला भरपाई आणि कसणाऱ्याला भोगवटादाराचा दर्जा अशी योजना होती. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणासह अनेक भागांतील हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. विधेयक मंजूर झाले नाही. १९३९ मध्ये कूळ कायदा आला, आणि उजव्या रकान्यात ‘संरक्षित कूळ’ हे शब्द उमटू लागले.

स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कूळवहिवाट कायदा झाला, पाठोपाठ खोती रद्द करणारा १९४९ चा कायदा १९५० मध्ये अमलात आला. मधला माणूस गेला. सरकार आणि जमीनधारक समोरासमोर आले. मग १ एप्रिल १९५७. कायद्यात याला कृषक दिन म्हणतात. त्या दिवशी कसणाऱ्या कुळाला, काही अपवाद वगळता, जमिनीचा खरेदीदार मानण्यात आले. शेतजमीन न्यायाधिकरणाने कलम ३२-ग खाली किंमत ठरवायची, ती भरली की ३२-म चे प्रमाणपत्र मिळायचे. आणि मग त्याच पानावर एक लहानशी हालचाल होई : उजवीकडच्या रकान्यातील नाव फेरफाराने डावीकडे जाई. पानावर हे अंतर बोटभर असेल.

सर्वांनाच ते पार करता आले नाही. वि. म. दांडेकर आणि ग. ज. खुदानपूर यांनी गोखले संस्थेसाठी केलेली १९४८ च्या कायद्याच्या अंमलबजावणीची पाहणी १९५७ मध्ये प्रसिद्ध झाली. अनेक कुळांनी ‘स्वखुशीने’ जमिनी सोडल्याचे दप्तरात दिसते, असे तिने दाखवून दिले. या स्वखुशीचा अर्थ गावात सगळ्यांना ठाऊक असे. ज्याचा तोंडी व्यवहार होता त्याचे नाव उजवीकडेही नव्हते, मग डावीकडे जाणार तरी कसे? काहींना आपण कूळ आहोत हे ठरवून घेण्यासाठीच कायद्याच्या कलम ७०-ब खाली मामलेदाराचे दार गाठावे लागले.

यानंतरची मोठी निवड संगणकाची. कर्नाटकाने २००० च्या सुमारास ‘भूमी’ ही प्रणाली उभी करून देशाचे लक्ष वेधले होते. महाराष्ट्रात राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या साहाय्याने सातबारे संगणकावर आले, मग ई-फेरफार आला. २०१७ मध्ये संगणकीय सातबारे गावात वाचून दाखवण्याची चावडी वाचनाची मोहीम झाली, १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. एकेकाळी पिकाची अभावणी खोत करी, पुढे पीकपाहणी तलाठी करू लागला. १५ ऑगस्ट २०२१ पासून खातेदाराने स्वतः मोबाइलवर ती नोंदवायची आहे. हे परिवर्तन लहान नाही. तलाठ्याच्या दप्तराची पेटी उघडण्याची वाट पाहणाऱ्या पिढीला त्याचे मोल अधिक कळेल.

पण संगणकाला साचा लागतो, आणि कोकणातील जमीन साच्यात बसताना कुरकुरते. एका लहानशा भातखाचराला वीसवीस सामाईक नावे, त्यांतली निम्मी मुंबईत. हिस्से आणे-पैमध्ये. जुने हस्तलिखित पान टंकित करताना ‘इतर अधिकारा’तील एखादी ओळ सुटली, तर ती शोधायला कोण येणार? लेखनप्रमाद दुरुस्तीसाठी कलम १५५ आहे. पण अर्ज करायला आधी ओळ सुटल्याचे ध्यानात यावे लागते. चाकरमान्याच्या ते ध्यानात येते गणपतीत किंवा शिमग्याला, बहुधा जमिनीला गिऱ्हाईक आले म्हणजे.

जुन्या बाराव्या नमुन्यात आणखी एक तपशील होता. पिकाच्या नोंदीसोबत जमीन कोणत्या ‘रीती’ने कसली जाते आणि प्रत्यक्ष कसणारा कोण, हे लिहिण्याची सोय तेथे होती. कूळ कायद्यानंतर मालकांना याच नोंदीची धास्ती वाटू लागली. दुसऱ्याचे नाव एकदा लागले की तो उद्या कूळ म्हणून उभा राहील, या भीतीने व्यवहार पुन्हा तोंडी झाले. संरक्षणासाठी केलेला कायदा आणि त्याच्याच भयाने लपलेले कसणारे, हा विरोधाभास महाराष्ट्रभर आहे. २०१६ मध्ये नीती आयोगाच्या हक समितीने जमीन भाडेपट्ट्याचा आदर्श कायदा सुचवला तो याच कोंडीवर उपाय म्हणून : मालकी सुरक्षित ठेवायची आणि भाड्याने कसणाऱ्यालाही लेखी ओळख द्यायची.

विजयदुर्गच्या परिसरात या कोंडीचे आजचे रूप भातात कमी आणि आंब्यात जास्त दिसते. देवगड हापूसच्या बागा हंगामापुरत्या कराराने देण्याची रीत येथे रुळलेली आहे. मालक मुंबईत असतो. करार घेणारा मोहोराआधीपासून फवारणी, राखण आणि काढणी यांचा खर्च करतो, आणि मोहोर अवकाळी पावसाने झडला तर तोट्याचा मोठा भाग त्याच्याच अंगावर येतो. करार कधी मुद्रांकावर, कधी केवळ शब्दावर. त्या बागेचा सातबारा मोबाइलवर उघडला तर वरच्या भागात डावीकडे मालकाचे व भावबंदांचे नाव दिसते, खाली बाराव्यात ‘आंबा’ लिहिलेले असते, आणि त्या वर्षी झाडाखाली उभ्या असलेल्या माणसासाठी पानावर एकही रकाना नसतो.